भामाबाईची उजळणी

मृत्युंजय सरांचा बायोलॉजीचा क्लास लातुरात कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी ज्या गल्लीत सायकली अन् स्कुट्यांमुळं पाय ठेवायला जागा नसते, ती गल्ली सरांची. त्यांची पद्धत साधी. एकच सवाल पोराला इतक्यांदा विचारायचा, की झोपेतून उठवून विचारला तरी जवाब तोच यावा अन् त्याच शब्दांत यावा. पोरगं थांबलं, वर आढ्याकडं बघायला लागलं, की सर खेकसायचे, "आठवत बसू नको, सांग!" या पद्धतीनं सरांनी अख्ख्या मराठवाड्याला पुरतील एवढे डॉक्टर काढले. घरची एक पोरगी तेवढी राहिली.

ती वर्षाराणी. दोनदा नीटला बसली अन् दोन्हीदा पडली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! गल्लीतल्या बायका तोंडावर हळहळायच्या अन् पाठ फिरली की हसायच्या. तिसऱ्या खेपेला पोरीनं फॉर्मच भरला नाही. म्हणाली, "अप्पा, मला समाजशास्त्र शिकायचंय." सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "समाजशास्त्र? समाज तर रोज दारात उभाय. त्याला शिकायचं काय असतं?" पण लेक बापासारखीच हट्टी. लातुरात बी.ए. केलं, मग एम.ए.ला नांदेडला गेली, तिथं गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्था हा विषय घेतला, अन् सुट्टीत घरी आली की जेवताना अप्पांना ऐकवायला लागली. तुरुंगात कोण सडतं, बाहेर कोण फिरतं, गरिबाचा खटला कुठं गळतो. अप्पा म्हणायचे, "भाजी घे."

पोरीची तळमळ मात्र खोटी नव्हती हो, तेवढं आधीच सांगतो. पुढं जे झालं ते ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल, खुशाल ठेवा, पण ढोंगी म्हणू नका. मिरवण्यापुरतं समाजकार्य करणारे पुष्कळ असतात, ही त्यातली नव्हती. तिला खरोखरच वाटायचं, आपण शिकलो तर एका तरी माणसाला न्याय मिळावा.

शेवटच्या वर्षी विद्यापीठानं तिला प्रत्यक्ष कामासाठी उदगीरला आनंदराज वकिलांकडं पाठवलं. दलितांवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत सरकारी वकिलाच्या जोडीला फिर्यादीच्या बाजूनं उभं राहायचं, हे आनंदराज यांचं काम. माणूस अबोल. एका खटल्याचे कागद तिच्यापुढं सरकवून म्हणाले, "वाचून घ्या. यातली एकच साक्ष राहिलीय."

गावाचं नाव सांगत नाही. जळकोट तालुक्यात आहे एवढं पुरे. त्या माणसांना अजून रोज एकमेकांच्या तोंडासमोरून जायचं असतं. गावात केवळाबाई नावाची म्हातारी वारली. बौद्धवाड्यातून स्मशानाकडं जाणारी वाट व्यंकटरावांच्या शेताच्या कडेनं जायची, आजा-पणजापासून जायची. त्या साली व्यंकटरावांनी ती नांगरली अन् सोयाबीन पेरलं. माणसं प्रेत घेऊन आली, तर व्यंकटराव अन् त्यांचे दोन पुतणे काठ्या घेऊन बांधावर उभे. केवळाबाईचा लेक पंढरी हात जोडून म्हणाला, आजचा दिवस जाऊ द्या. आधी शिव्या झाल्या, जातीवरून झाल्या, मग काठ्या झाल्या. पंढरीचा हात मोडला अन् तिरडी चिखलात पडली.

खटला उभा राहीपर्यंत पंढरी काविळीनं गेला. तिरडीला खांदा देणारे चौघंही भावकीतलेच. ते कोर्टात येऊन सांगून गेले, आमची मान खाली होती, आम्हाला काही दिसलं नाही. फितूर झाले म्हणायचं. पण पोटासाठी त्यांना व्यंकटरावांच्याच शेतात जावं लागतं, त्यांना तरी काय बोलावं! राहता राहिली पंढरीची बायको भामाबाई. ती टिकली तर खटला टिकणार, ती घसरली की सगळं मातीत.

आनंदराज यांनी वर्षाराणीला एवढंच सांगितलं, "बाईंना त्यांचा पोलिसांपुढचा जबाब एकदा वाचून दाखवा. कोर्ट कसं असतं ते सांगा, म्हणजे घाबरणार नाहीत. वाचून दाखवा, शिकवू नका."

"हो सर," वर्षाराणी म्हणाली.

भामाबाई पन्नाशीच्या आसपासची. सोयाबीन काढायला, तूर तोडायला रोजानं जाणारी. दारात पोरगी आली तशी तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं, "जय भीम माय, बस," म्हणाली. वर्षाराणीनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी काय झालं ते सांगा." अन् भामाबाई सांगायला लागली.

आता तिचं सांगणं म्हणजे काय! सासू आदल्या दिवशी काय खायाला मागत होती, तिथून सुरू. मग सासूच्या लग्नात गेली, तिथून शेळीवर आली, शेळीवरून पंढरीच्या लहानपणावर. मध्येच रडली, मध्येच हसली बी. काठी म्हणाली, मग कुऱ्हाडीचा दांडा म्हणाली. आठवड्याचा वार सांगितला तो चुकीचा, अन् कुठला पुतण्या कुठल्या बाजूला होता ते दोनदा फिरवलं. दुपार कलली तरी बाई बोलतच होती.

असल्या बोलण्याचं उलटतपासणीत काय होतं, ते वर्षाराणीनं नांदेडला वाचलं होतं. साक्षीदार खरं बोलतो पण विस्कटून बोलतो, अन् आरोपी हसत घरी जातात. भामाबाई बोलत होती अन् ही मनात तुकडे पाडत होती. हा वाराचा, हा हत्याराचा, हा जागेचा, अन् बाकीचं सगळं फापटपसारा. बाईचं बोलणं थांबलं तोवर हिच्या डोक्यात सवाल तयार होते.

लातूरच्या पोरीनं दुसरं काय करावं? तिनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

दर रविवारी ती उदगीरहून एस.टी.नं यायची. भामाबाई तूर निवडत असायची अन् ही समोर बसून विचारायची. सवाल ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला. "त्या दिवशी वार कोणता होता?" "शुक्रवार होता साहेब." "तुम्ही कुठं उभ्या होता?" "मी माझ्या नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभी होते साहेब. मधी कुनी बी नव्हतं." "काठी आधी कुणी उगारली?" "व्यंकटरावांनी उगारली साहेब. नंतर त्यांच्या दोन्ही पुतण्यांनी." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. वर्षाराणीनं एकेक गोष्ट कागदांशी ताडून घेतली होती, जिथं बाईचा घोटाळा व्हायचा तिथं खरं काय ते बाईकडूनच काढलं होतं. जे कोर्टाला लागत नाही तेवढंच कापलं. खांदेकऱ्यांची नावंही कापली. "मावशी, ते लोक फितूर झालेत. त्यांचं नाव निघालं की ते वकील तिथंच धरतील. ते सांगायचं नाही."

"बरं माय. ते न्हाई सांगायचं."

गंमत अशी, की भामाबाई हुशार निघाली! शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण एकदा सांगितलेलं डोक्यातून हलायचं नाही. तिला त्याचा नाद लागला. रानात बाया विचारायच्या, काय पुटपुटून राहिलीस गं? ही म्हणायची, उजळणी करून राहिले. रविवारी पोरगी दिसली की चुलीपुढूनच ओरडायची, "इचार, इचार! आज एक बी चुकणार न्हाई." अन् चुकायची नाही. वर्षाराणी तिच्या पाठीवर थाप मारायची. भामाबाई लाजून म्हणायची, "आमच्या बानं मला बी शाळंत घातलं आसतं, तर मी बी काहीतरी झाले आसते बघ."

पहिल्या-पहिल्यांदा बाईचा आवाज सासूच्या नावापाशी अडकायचा. ती थांबायची, तोंड दुसरीकडं करायची. तेव्हा वर्षाराणीच्या तोंडून बापाचंच वाक्य निघालं, "मावशी, आठवत बसू नका, सांगा." नंतर नंतर अडकणं बंद झालं.

एकदा तिनं सहज विचारलं, "मावशी, त्यांना किती शिक्षा व्हावी असं वाटतं?"

भामाबाईनं सुपातला खडा बाजूला टाकला. "सजेचं मला काय करायचंय? त्यांनी जेलात ज्वारीची भाकर खाल्ली काय अन् गव्हाची खाल्ली काय. गावात म्हनतात, काही झालंच न्हाई. तिरडी पडलीच न्हाई, म्हनतात. आमच्याच वाड्यातली माणसं म्हनतात. जजसाहेबानं येकदा तोंडानं म्हनावं, झालं हाय. बास."

वर्षाराणीला रडू आलं. ते तिनं गिळलं अन् सवाल पहिल्यापासून सुरू केले.

साक्षीच्या दिवशी भामाबाई पांढरं पातळ नेसून आली. आनंदराज यांनी विचारलं, "जबाब वाचून दाखवला ना?" वर्षाराणी म्हणाली, "सर, तुम्ही बघाच." तिला आतून उकळ्या फुटत होत्या. ती मागच्या बाकावर बसली.

सरकारी वकिलांनी विचारायला सुरुवात केली अन् भामाबाईनं जवाब द्यायला. काय सांगावं, लोखंडी गज सरळ करून ठेवावा तशी साक्ष! अडखळणं नाही, रडणं नाही. न्यायाधीशांनी मान वर करून बाईकडं बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात व्यंकटराव पागोट्याशी चाळा करायला लागले. वर्षाराणीनं दोन्ही हात घट्ट धरले होते. अप्पांच्या पद्धतीच्या परीक्षेत आयुष्यात पहिल्यांदा ती पास होत होती. फक्त आनंदराज यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता, पण तिला त्यांची पाठच दिसत होती.

मग बचावाचे वकील उठले. श्रीशैलअप्पा. साठीचा माणूस, कपाळाला विभूती, आवाजात साखर. त्यांची दोन्ही पोरं लातूरलाच शिकून डॉक्टर झालेली.

"बाई, जेवलात का?"

"हाव साहेब."

"मला जरा कमी ऐकू येतं. काय झालं ते पुन्हा एकदा सांगता का?"

भामाबाईनं सांगितलं. श्रीशैलअप्पा नुकत्याच उतरवलेल्या साक्षीच्या कागदावर बोट ठेवून ऐकत होते. बोट एकेका शब्दावरून पुढं सरकत होतं अन् कुठंच थांबत नव्हतं. "मधी कुनी बी नव्हतं" हेसुद्धा जिथल्या तिथं आलं. श्रीशैलअप्पा म्हणाले, "वा! अजून एकदा." बाईनं तिसऱ्यांदा सांगितलं. तिला वाटलं, आपण चांगलं सांगतोय म्हणून परत विचारतायत. कोर्टात कुणीतरी खुसखुसलं.

"बरं बाई, एक साधी गोष्ट. सासूबाईंना खांदा कुणी कुणी दिला होता?"

सख्ख्या सासूला खांदा कुणी दिला हे कुठल्या सुनेला ठाऊक नसतं? भामाबाई इकडं तिकडं बघायला लागली.

"सांगा की."

"ते सांगायचं न्हाई साहेब."

"कुणी सांगितलं, सांगायचं नाही म्हणून?"

वर्षाराणीनं एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून ठेवली होती. मावशी, कोर्टात काही विचारलं तरी खरंच बोलायचं. भामाबाई खरं बोलली. तिनं हात लांब करून मागच्या बाकाकडं दाखवलं. "ह्या ताईनं. लई कष्ट घेतले हो पोरीनं माझ्यावर. दर आयतवारी येत होती." अन् वर्षाराणीकडं बघून ती हसली.

श्रीशैलअप्पा वळले. "अरे, ही तर आमच्या मृत्युंजय सरांची पोरगी!" कोर्टाला म्हणाले, "हुजूर, मला आणखी काही विचारायचं नाही."

सरकारी वकील काहीतरी बोलले, आनंदराज काहीतरी बोलले, पण बाण सुटून गेला होता. अति तिथं माती म्हणतात, ती ही. न्यायाधीश मात्र माणूस भला होता. त्यांनी स्वतः पुढं वाकून विचारलं, "बाई, घाबरू नका. शिकवलेलं सगळं बाजूला ठेवा. तुमच्या मनानं, जसं आठवतं तसं, मला सांगा. घाई नाही."

आनंदराज यांनी डोळे मिटले. भामाबाईनं पिंजऱ्याचा कठडा धरला, वर बघितलं, ओठ हलवले. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

"त्या दिवशी शुक्रवार होता साहेब. मी माझ्या नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभी होते साहेब. मधी कुनी बी नव्हतं."

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर आनंदराज वर्षाराणीला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वाचून दाखवा म्हणालो होतो," एवढंच म्हणाले अन् काळा कोट हातावर टाकून निघून गेले. भामाबाई जिन्याखाली उभी राहून विचारत होती, "एक बी चुकलं न्हाई ना गं?"

निकाल लागला तो सगळ्यांना माहीत होता तसाच. साक्षीदार पढवलेली दिसते, तिच्या सांगण्यातलं स्वतःचं किती अन् दुसऱ्याचं किती हे वेगळं करता येत नाही, सबब संशयाचा फायदा आरोपींना. गावात फटाके वाजले. श्रीशैलअप्पा एका लग्नात मृत्युंजय सरांना भेटले अन् म्हणाले, "सर, तयारी मात्र पक्की करून घेतली होती पोरीनं." सर घरी येऊन म्हणाले, त्यांना काय वाटलं कोण जाणे, "डॉक्टरकी नाही जमली, पण शिकवायचं अंग आहे तुझ्यात." वर्षाराणी ताटावरून उठली. तिच्या प्रत्यक्ष कामाच्या अहवालाला नांदेडला चांगले गुण पडले होते. तो निकालाच्या आधीच दाखल केला होता.

कितीतरी दिवस तिला गावाकडं जायचा धीर झाला नाही. शेवटी एका सकाळी ती जळकोटच्या गाडीत बसली. वाटेत ती वाक्यं जुळवत होती. मावशी, चूक माझी होती. मावशी, आपण वरच्या कोर्टात जाऊ. एकही धड जुळेना.

भामाबाई दारात बसली होती. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. वर्षाराणी तिच्या पायांवर वाकायला गेली, तर तिनं वरच्यावर धरलं. "खामखा पाया नको पडू. सुटले ते, ठाव हाय मला. तुझ्यावर राग न्हाई. तू माझ्याच भल्यासाठी केलंस. कुनी येत होतं का आमच्या दारात? तू तर आलीस."

यापेक्षा बाईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पोरीला झोप लागली असती.

"मावशी, आपण अपील करू. मी आनंदराज सरांशी बोलते."

"ते बघू पुढचं पुढं." भामाबाईनं पोत्यावर सरकून पोरीच्या जवळ तोंड आणलं. कुणाला ऐकू जाऊ नये असं काहीतरी विचारायचं असावं तसा आवाज खाली केला. "माय, येक इचारू का? राग नको मानू."

"विचारा की."

"सासूची आठवन काढायला गेले, की तुझेच सवाल येतात गं. शुक्रवार होता साहेब, डाव्या अंगाला होते साहेब. माझ्या तोंडात दुसरं काही येतच न्हाई. म्हातारीचं तोंड दिसत न्हाई. ह्यांचं बी दिसत न्हाई त्या दिवशीचं. गावात म्हनतात, काही झालंच न्हाई, तवा आधी मी मनात म्हनायची, झालंय, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता डोळे मिटले तर काही बी न्हाई."

वर्षाराणीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"आधी मी सांगत होते ना? तू पयल्यांदा आलीस तवा? दुपारपस्तोर सांगितलं होतं बघ मी तुला. सगळं सांगितलं होतं. लई बोलले होते त्या दिवशी." भामाबाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तू शिकलेली पोर हायस, तुला तर ध्यानात आसंल. मी कसं सांगितलं होतं, तसंच मला येकदा सांग."

वर्षाराणीनं आठवायला सुरुवात केली. शेळीचं काहीतरी होतं. सासूच्या लग्नाचं काहीतरी होतं. म्हातारीनं आदल्या दिवशी काहीतरी खायला मागितलं होतं. काय मागितलं होतं? मध्येच बाई हसली होती. कशाला हसली होती? वार आठवत होता, काठी आठवत होती, डावी बाजू आठवत होती. बाकीचं तिनं ऐकलंच नव्हतं.

भामाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं हात सोडले नव्हते.

"सांग की गं," ती म्हणाली. "घाई न्हाई."